तांब्याच्या वॉर्डातली एकच स्वच्छ खाट

१. पीक

सकाळी चहाच्या आधी भाची वॉर्डात आली ती हातात बश्यांची चळत घेऊन, त्यामुळे मामांनी साहजिकच तिच्यामागे किटली दिसते का ते पाहिलं. किटली नव्हती. बश्याही चहाच्या नव्हत्या. काचेच्या, झाकणाच्या, आत पिवळसर जेलीचा थर असलेल्या त्या बश्या जंतू वाढवण्यासाठी होत्या, आणि आज त्यांच्यात पीक जोरात आलं होतं.

भाची याच रुग्णालयात जंतूंची डॉक्टर होती. ऑपरेशनं झालेल्या पुरुषांच्या या वॉर्डात हात लागेल ते सगळं तिने हट्टाने तांब्याचं करून घेतलं होतं. खाटांचे कठडे, दाराच्या मुठी, सलाइनचे खांब, टेबलांच्या कडा, अगदी नळाची चावीसुद्धा. कारण साधं होतं. स्टीलवर बसलेला जंतू दिवसचे दिवस आरामात राहतो, सरकारी बंगला मिळाल्यासारखा. उघड्या तांब्यावर बसला की तासा-दोन तासांत त्याचा कारभार आटोपतो. औषध नको, दिवा नको, कोणी लक्ष द्यायला नको. भाची अधूनमधून ओल्या कापसाची काडी प्रत्येक कठड्यावरून फिरवायची, ती बशीत पुसायची आणि दोन दिवस वाट पाहायची. वरच्या मजल्यावरच्या स्टीलच्या वॉर्डाच्या बश्या ठिपक्यांनी भरून यायच्या. तांब्याच्या बश्या कोऱ्या राहायच्या. या वॉर्डात टाके चिघळणं जवळजवळ थांबलं होतं आणि माणसं धडधाकट होऊन लवकर घरी जात होती.

आज तांब्याच्या बश्या भरल्या होत्या. एकेक ठिपका म्हणजे जंतूंचं एकेक गाव, हे मामांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्या हिशेबाने समोरच्या चळतीत एक अख्खा जिल्हा होता.

"मामा," भाची म्हणाली, "तुझी खाट सोडून सगळा वॉर्ड घाण आलाय."

ती लहानपणापासून कधी रडायची नाही. मनाला लागलं की वस्तू सरळ लावायची. त्या सकाळी तिने मामांचा चष्मा, पाण्याचा पेला, घड्याळ आणि शेवटी मामांचा उजवा हात सरळ लावला. मामांनी तो तसाच राहू दिला.

शुक्रवारी समिती बसणार होती. वरच्या वॉर्डातही तांबं लावायचं की इथलंही काढून भंगारात घालायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. तांबं गेलं तर भाचीची रवानगी तळघरात, बाटल्यांवरचे नंबर वाचायच्या कामावर. तिला त्याचं एवढं नव्हतं. टाके पुन्हा चिघळायला लागतील, याचं होतं.

"सुपरिंटेंडेंट साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी गुन्हेगारसुद्धा शोधून काढलाय."

"इतक्यात? कोण?"

भाचीने मामांचा डावा हातही सरळ लावला. "तू."

२. पायाला वजन बांधलेला आरोपी

मामांनी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले होते. जळालेल्या गोदामात जायचं, राखेत काठी फिरवायची, आणि आग आधी लागली की विमा आधी उतरला एवढंच शोधायचं. त्या नोकरीत त्यांना पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण आरोपी कोणी म्हटलं नव्हतं. निवृत्तीनंतर स्टूल मजबूत आहे का हे तपासताना ते स्टुलावरून पडले. स्टूल मजबूत निघालं. मांडीचं हाड निघालं नाही. तेव्हापासून ते पायाला वजन लटकवून या खाटेवर होते. खाटेशी त्यांचा संबंध इतका पक्का होता, की एक्स-रेला न्यायचं तरी चाकांवरची अख्खी खाटच मामांसकट निघायची.

वॉर्डातला एकूण एक माणूस त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्याहून वयाने मोठे होते तेही.

साहेब दहाच्या सुमारास आले. साहेबांना चकाकीची फार आवड. फरशी चकाकली पाहिजे, बूट चकाकले पाहिजेत. त्यांच्या टेबलावर कधी कागद नसे, कारण कागदात चेहरा दिसत नाही. मागे एकदा याच वॉर्डात, सगळ्या पेशंटांच्या देखत, काळवंडलेल्या कठड्यावर बोट ठेवून ते भाचीला म्हणाले होते की असल्या कळकट वस्तूला स्वच्छ म्हणायची आपली तयारी नाही. तांबं काळं पडलं तरी त्याच्या कामात फरक पडत नाही, हे भाचीने त्यांना नंतर त्यांच्या खोलीत जाऊन समजावलं होतं. साहेबांनी बोटाकडे पाहत ऐकलं होतं.

त्यांचा सिद्धांत असा होता, की तांब्यात मुळात काही दमच नाही. आजवर भाचीच स्पिरिटचा बोळा घेऊन सगळ्या खाटा पुसून ठेवत असणार. आता ती दमली. आता फक्त घरच्या माणसाची खाट पुसणं चालू राहिलं, आणि तेही मामाच करत असणार.

मामांना मनापासून कौतुक वाटलं. विमा कंपनीत असता तर हा माणूस फार वर गेला असता. त्यांनी साहेबांना नम्रपणे विचारलं की बश्या खाटेच्या कोणत्या भागाच्या आहेत. उशाकडच्या आणि पायाकडच्याही, आणि दोन्ही कोऱ्या, असं भाचीने सांगितलं. मग मामांनी साहेबांना विनंती केली, की माझा पाय वजनासकट जरा धरा, म्हणजे मी पायाकडचा कठडा रोज कसा पुसतो ते प्रत्यक्षच दाखवतो.

साहेबांनी पाय धरला नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे, एवढं बोलून ते निघाले आणि जाताना शेजारच्या खाटेच्या कठड्याकडे पाहून, बरेच दिवसांनी, प्रसन्न हसले.

ते हसू मामांच्या नजरेत भरलं. कशाला हसले, हे मात्र कळलं नाही.

३. दोन कबुलीजबाब

झोपलेल्या माणसाचा एक फायदा असतो. त्याला कोणाकडे जावं लागत नाही. लोकच समाचाराला येतात.

पहिला संशयित स्टोअरकीपर. कोणी काहीही मागितलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, म्हणून त्याला सगळे 'शिल्लक नाही' म्हणत. हे तांबं आल्यापासून त्याचं स्टीलवाल्याकडे जाणं-येणं थांबलं होतं, त्यामुळे तांब्यावर त्याचा राग होता. मामांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, जबाबदारीच्या ओझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि खाटा पुसायचं औषध हल्ली इतकं पुरवठ्याला कसं येतं, याबद्दल त्याला शाबासकी दिली. 'शिल्लक नाही' फुलला. त्याने सांगून टाकलं की औषधात तो पाणी घालतो. आधी थोडं घालायचा, आता औषधच पाण्यात घालतो. वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, ही खंत त्याच्या बोलण्यात स्पष्ट होती.

भाचीचे डोळे चमकले, पण मामांनी मान हलवली. वॉर्ड पुसणाऱ्या मावशींना बोलावून त्यांनी विचारलं, की माझी खाट तुम्ही वेगळ्या बादलीने पुसता का? मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एक बादली, एक फडकं. दारापासून धरते ती खिडकीपाशी सोडते. तुम्ही मधे येता म्हणून तुम्हाला पुसते. तुम्ही काय स्वतःला साहेब समजता काय?"

म्हणजे पाणी घातलेलं औषध मामांच्या खाटेलाही लागत होतं, आणि तरी मामांची खाट स्वच्छ होती. 'शिल्लक नाही' चोर होता, पण या चोरीतला नव्हता. भाचीने त्याची वेगळी नोंद मनात ठेवली आणि मामांनी दुसऱ्या संशयिताला निरोप धाडला.

त्या वरच्या सिस्टर. स्टीलचा वॉर्ड त्यांचा. खालच्या कोऱ्या बश्यांमुळे दर बैठकीत त्यांची मान खाली जायची, आणि ती मान खाली जाण्यासाठी बनवलेली नव्हती. गेले काही दिवस त्या काही ना काही निमित्ताने खाली येऊन चक्कर मारून जात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मामांनी आडवळणाने सुरुवात केली. वरच्या सिस्टरना आडवळणं ठाऊक नव्हती. त्यांनी सरळ कबूल केलं, की हो, मी मुद्दाम आले, वर पेशंटांचं सगळं करून हात न धुता आले, आणि तुमच्या कठड्यांवरून हात फिरवून गेले. बघू म्हटलं, तुमच्या तांब्याचा पराक्रम.

"अहो सिस्टर," भाचीच्या तोंडून एवढंच निघालं.

"ओरडा पाहिजे तर. पण मी माझ्या हातचे जंतू आणले, बाहेरून विकत नाही आणले."

मामा हसायला लागले, तेव्हा त्यांच्या पायाचं वजनही हललं. भाचीलाही आतून जाणवलं होतं, की हेही उत्तर नव्हे. तांबं तांब्याचं काम करत असतं तर सिस्टरच्या हातचे जंतू दुपारपर्यंत संपले असते. तांब्याचा उपयोगच तो. आणि त्यांनी हात फिरवला तो मामांच्या कठड्यावरूनही फिरवला होता. तिथे मात्र जंतू मेले.

सिस्टर उठल्या. जाता जाता त्यांनी वॉर्डावरून नजर फिरवली आणि मोठ्या मनाने म्हणाल्या, की काही म्हणा, तुमचा वॉर्ड आता दिसायला तरी माणसात आला. मधे कसला कळकट झाला होता.

"फक्त तुमची खाट तेवढी तशीच राहिलीय, मामा. तुमच्याशी काय वाकडं आहे कोणाचं?"

मामांनी चष्मा लावला. त्यांचा कठडा कडक चहासारखा तपकिरी होता, वर बोटांचे ठसे. शेजारचा कठडा मधासारखा झळकत होता. त्याच्या पलीकडचाही. दाराची मूठ, नळाची चावी, सलाइनचे खांब, झाडून सगळं तांबं नव्या नवरीसारखं नटून बसलं होतं, आणि इतके दिवस पडल्यापडल्या छताकडे बघणाऱ्या या नामांकित तपासनिसाला त्याचा पत्ता नव्हता.

४. केळी

मामांनी आता मनातल्या मनात सगळं उलटं करून पाहिलं. आतापर्यंत सगळे विचारत होते की मामांची एकच खाट स्वच्छ कशी. प्रश्नच चुकीचा होता. मामांची खाट जशी असायला पाहिजे तशीच होती. बाकीच्या खाटांना काहीतरी झालं होतं.

मग ते मामांच्या खाटेला का झालं नाही?

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना सगळे 'तक्रारखातं' म्हणत. उशी, ऊन, डाळ, देव, कशाबद्दलही त्यांची तक्रार तयार असे. आल्या दिवसापासून त्यांचं मुख्य गाऱ्हाणं हे, की कठडा धरून उठलं की हाताला जुन्या नाण्यांचा वास येतो आणि मग जेवण जात नाही. मामांनी सहज विचारलं, की हल्ली वासाचं कसं काय? तक्रारखातं म्हणालं, हल्ली काही तक्रार नाही. एवढं बोलून ते दचकलं, आणि छताकडे पाहून हसलं.

मामांनी स्वतःचा कठडा धरून हात हुंगला. जुनी नाणी. मग त्यांनी वाकून, पायाच्या वजनाची क्षमा मागून, शेजारचा कठडा धरला आणि हात हुंगला. काही नाही. हाताला हाताचाच वास.

पलीकडच्या खाटेवर बँडमास्तर होते. लग्नाच्या वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवण्यात हयात गेलेला माणूस. हर्नियाचं ऑपरेशन झाल्यामुळे फुंकर मारायलासुद्धा बंदी होती, तेव्हा चहा ते वाट पाहून थंड करत. दिवसभर वॉर्डात फिरून प्रत्येकाची विचारपूस करणं आणि कठड्यांवर बोटांनी ठेका धरणं हा त्यांचा उद्योग. मामांनी त्यांना विचारलं, की बँडमास्तर, माझ्या माघारी या वॉर्डात काय झालं?

"कुठं काय, मामासाहेब." बँडमास्तर हसले. "तुम्ही कुठं माघारी जाता?"

खिडकीजवळचा पेशंट हसला. दाराजवळचा हसला. वॉर्डातल्या सिस्टर, म्हणजे खालच्या सिस्टर, औषधांचा ट्रे घेऊन चालल्या होत्या, त्याही हसल्या आणि विनाकारण वेगाने गेल्या. मामांनी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. ती घाम गाळत, नजर चुकवत, मेलेल्या आईची शपथ घेत. इतक्या प्रेमाने त्यांच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं.

पण बँडमास्तरांनी न कळत हवं ते दिलं होतं. तुम्ही कुठं माघारी जाता? खरंच, मामा कुठे जाणार? आल्यापासून ते एकदाच या खोलीबाहेर गेले होते, पहिल्या आठवड्यानंतर एक्स-रेला. त्या दुपारी एक्स-रेच्या दाराशी ही गर्दी. मामा खाटेसकट कॉरिडॉरमध्ये चांगले दोन-तीन तास पडून होते.

खाटेसकट.

आणि परत आले तेव्हा वॉर्डात पिकलेल्या केळ्यांचा दाट वास सुटला होता. मामांना केळी जीव की प्राण. त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, की एखादं उरलंय का. भरल्या वॉर्डात एकाकडेही केळं नव्हतं. सालसुद्धा नव्हती. तेव्हाही सगळे असेच हसले होते.

मामांनी भाचीला बोलावणं पाठवलं. उद्या समिती इथेच बसव, माझ्या खाटेभोवती, असं सांगितलं. आणि पंखा दुरुस्त करायला येतो त्या वायरमनला त्याचा टीं-टीं करणारा टेस्टर घेऊन हजर ठेव.

"मामा, गुन्हेगार सापडला?"

"सापडले," मामा म्हणाले. "जरा गर्दी आहे."

५. टीं

शुक्रवारी साहेब आले. त्यांच्याबरोबर बाहेरून आलेल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्या फार कमी बोलत, त्यामुळे सगळे त्यांना घाबरत. 'शिल्लक नाही' खुर्च्या नाहीत असं सांगायला आला आणि तिथेच उभा राहिला. वरच्या सिस्टर निमंत्रण नसताना आल्या आणि सर्वांत चांगल्या जागी बसल्या, म्हणजे मामांच्या खाटेवर. दोन्ही बाजूंच्या खाटांवर पेशंट शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून बसले होते. कोणी हसत नव्हतं. बश्यांची बातमी आता सगळ्यांना कळली होती.

मामांनी वायरमनला खूण केली. टेस्टरला दोन वायरी होत्या. दोन्ही टोकं एकाच धातूला टेकली की त्याने टीं म्हणायचं, एवढंच त्याचं शिक्षण. वायरमनने ती मामांच्या तपकिरी, कळकट कठड्याला दाबून लावली.

टीं.

मग शेजारच्या झळझळीत कठड्याला लावली. टेस्टर गप्प. पलीकडच्या खाटेला लावली. गप्प. दाराची मूठ, नळाची चावी, सलाइनचा खांब. वायरमनने टेस्टर बिघडला की काय म्हणून मामांच्या खाटेला परत लावला, तर टीं.

"तांब्याला वीज कळत नाही असं कसं?" वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"कळते की. पण टोक तांब्याला टेकायला तर हवं," मामा म्हणाले, आणि त्यांनी वरच्या सिस्टरना डोक्यातली पिन मागितली. पिनेच्या टोकाने त्यांनी तक्रारखात्याच्या कठड्यावर हलकेच ओरखडा काढला आणि नख लावलं. दुधावरची साय निघावी तसा काचेसारखा पातळ पापुद्रा निघून हातात आला. उघड्या पडलेल्या जागी वायरमनने टोकं टेकवली.

टीं.

मामांनी मग सावकाश उलगडून सांगितलं. पाणी घातलेलं औषध सगळ्या खाटांना सारखं लागलं, सिस्टरचे हातही सगळ्यांना लागले, म्हणून ती दोन्ही कारणं बाद. मामांच्या खाटेत इतरांहून वेगळं एकच: ती एकदा या खोलीबाहेर गेली होती. म्हणजे जे काही झालं ते खाटांना झालं नाही, खोलीला झालं, आणि त्याच दुपारी झालं. त्या दुपारनंतर नाण्यांचा वास गेला, केळ्यांचा आला, आणि तांबं काळं पडायचं थांबलं. तांबं आपण होऊन काळं पडायचं थांबत नाही. त्याला हवा लागू दिली नाही तरच थांबतं. हवा लागत नाही तिथे जंतूही तांब्यापर्यंत पोचत नाही. तो वरच्या पापुद्र्यावर, काचेच्या ओट्यावर बसल्यासारखा, पाय पसरून बसतो. आता धातूवर पारदर्शक लॅकर चढवायचं, ज्याला केळ्यासारखा वास येतो, ही कला या वॉर्डात कोणाला अवगत असेल? ज्याची पितळी वाद्यं वर्षानुवर्षं वरातीपुढे झळकली, त्याला.

बँडमास्तर उभे राहिले. ऑपरेशन झालेल्या जागेवर हात ठेवून, पण ताठ.

"मीच केलं. डॉक्टरताई, तुमच्या तांब्याला सगळ्यांच्या देखत कळकट म्हटलं, त्याच दिवशी ठरवलं. आमच्यात वाद्याला कोणी कळकट म्हणालं तर आम्ही पुढच्या वरातीच्या आत ते आरशासारखं करतो. म्हटलं, ताईंची मान खाली नाही जाऊ द्यायची. भेटायला आलेल्या बँडमधल्या मंडळींनी क्लॅरिनेटच्या पेटीतून लॅकरचा डबा आणून दिला."

ते एकटेच का म्हणून बोलणार? तक्रारखातं उठलं आणि म्हणालं, डबा मी धरला होता. खिडकीजवळच्याने आधी घासून चकचकीत केलं होतं. दाराजवळच्याने पहारा दिला होता. पुसणाऱ्या मावशी मागून ओरडल्या, की फडकं माझं होतं, ते परत मिळालेलं नाही. शेवटी खालच्या सिस्टर पुढे आल्या. त्यांनी काही केलं नव्हतं. त्या अख्खी दुपार पाठ करून बसल्या होत्या.

"तांबं दिसतंय की आतून, गेलं कुठे, असं वाटलं मला," त्या पुटपुटल्या.

मामांना एवढंच विचारायचं होतं, की मग मला का नाही सांगितलंत? वॉर्ड एकमेकांकडे पाहू लागला. बँडमास्तर म्हणाले, तुम्ही ताईंचे मामा, त्यात तपासनीस. गंमत राहिली नसती. आणि तुमची खाट आली तोवर डबा संपला होता.

आता सगळे भाचीकडे पाहत होते. ती टेबलापाशी गेली आणि बश्या सरळ लावू लागली. उजवीकडे भरलेल्या, डावीकडे कोऱ्या. काळं पडलं तरी चालतं, हे तिने पहिल्याच आठवड्यात याच वॉर्डात तासभर समजावून सांगितलं होतं. पण तांब्याच्या कृपेने ते ऐकणारे पेशंट केव्हाच बरे होऊन घरी गेले होते. आणि वर काही लावू नका, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. असं कोणी करेल हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. कठडे चकाकताना तिला दिसले होते, पण साहेबांनी घासून घेतले असतील असं तिला वाटलं होतं. शेवटची बशी लावता लावता तिचा हात थांबला. मग खांदे हलले. मामा घाबरले, ही खरंच रडतेय की काय.

भाची हसत होती. आवरता आवरत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"एकच वॉर्ड," ती कशीबशी म्हणाली. "एकच फडकं, तेच औषध, तेच हात, तेच तांबं. फरक फक्त एका पापुद्र्याचा. पापुद्रा आहे तिथे जंतू, नाही तिथे नाहीत. मामा, मला दोन वर्षांत इतका स्वच्छ प्रयोग मांडता आला नव्हता."

वयस्कर डॉक्टरीणबाई उठल्या, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक बशी उजेडात धरून पाहिली, आणि बँडमास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे लॅकर काढताही येत असेल?"

"येतं की. थिनर लावून."

"मग काढा. त्यांचं काढून झालं, की वरच्या वॉर्डालाही तांबं लावा," त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "आणि या मुलीची आधी माफी मागा." एवढं बोलून त्यांनी त्या वर्षाचा कोटा संपवला.

साहेबांनी माफी मागितली. ती थोडी खालच्या आवाजात होती, म्हणून वरच्या सिस्टरनी ती पुन्हा मागायला लावली.

६. पाटी

रविवारी सगळ्या खाटा मागच्या अंगणात काढल्या. थिनरचा वास पेशंटांना नको म्हणून पेशंटांना व्हरांड्यात बसवलं होतं, पण हातात चिंध्या घेऊन ते एकेक करून अंगणात येत आणि भाची त्यांना एकेक करून परत धाडत होती. घासायला मावशी होत्या, वायरमन होता, वरच्या सिस्टर पदर खोचून होत्या. 'शिल्लक नाही'ने चिंध्या शिल्लक नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा भाचीने त्याला औषधातल्या पाण्याची आठवण करून दिली. दहा मिनिटांत पोतंभर चिंध्या आल्या आणि औषधाचा सीलबंद डबाही आला. बँडमास्तर खुर्चीवर बसून हाताने ताल देत होते. कोणाची चिंधी तालाबाहेर गेली की त्याला नावाने हाक मारत. साहेब सुटीच्या दिवशीही बूट चमकवून आले. थोडा वेळ दुरून पाहिलं, मग बाह्या सरसावल्या, आणि बघता बघता इतके रमले, की एकच कठडा चारदा घासून झाल्यावर भाचीला तो त्यांच्या हातून सोडवून घ्यावा लागला.

पुढच्या बश्या कोऱ्या आल्या. भाचीने त्या मामांच्या पोटावर ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, लोक नातवंडांकडे बघतात तशी. मामांनी श्वास जपून घेतला.

तांबं महिन्याभरात पुन्हा छान कळकट झालं. तेव्हा साहेबांनी, झाली चूक पुन्हा व्हायला नको म्हणून, स्वतःच्या अक्कलहुशारीने वॉर्डाच्या दारावर एक पाटी लावून घेतली:

'येथील तांबे मुद्दाम काळे ठेवले आहे. ते चकचकीत करून कृपया कोणीही उपकार करू नयेत.'

पाटी स्टीलची होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळींवरून बोट फिरवत ती वाचायचा, आणि साहेब रोज सकाळी तिच्यात केस नीट करायचे.

भाचीने दुसऱ्याच दिवशी तिच्यावरून ओल्या कापसाची काडी फिरवली.